इस्टेट

त्या वर्षी आंबिया बहार पैशात उतरला
आणि बाबांनी नागपूरच्या एका ठेकेदाराकडून
जुनी टाटा इस्टेट आणली.
बेनोड्यात गाडीमागचं नाव कोणी वाचलं नाही,
नुसतं म्हणाले, काळमेघानं इस्टेट घेतली.
पारावर दोन दिवस वाद चालला :
वावर असन का घर?

बटनानं खाली जाणाऱ्या काचा
हेच तिचं मोठेपण, आणि हीच खोड.
खाली गेल्या की वर येत नसत.
मागची डावी चांदूर बाजारात उतरली ती उतरलीच.
तिथं आई पुठ्ठा लावायची, संत्र्याच्या पेटीचा.
पुठ्ठ्यावर छापलेलं फळ
आमच्या खांद्याशी गावोगाव हिंडायचं,
खऱ्यापेक्षा लाल.

आम्ही चार पोट्टे डिक्कीत, मागे तोंड करून.
म्हणून मला कुठलंच गाव येताना माहीत नाही.
मोर्शी, रिद्धपूर, शेंदूरजना,
सगळी जाताना पाहिली.
रस्त्यात कोणी हात दाखवायचा,
बाबा थांबायचे नाहीत,
धुळीत तो हात हळूहळू खाली यायचा.
पुढे बसलेल्यांना
तो खाली येणारा हात कधी दिसत नाही.

डिझेल, संत्र्याची साल, छबूची ओकारी.
अजून संत्रं सोललं
की मला जरा मळमळतं, आणि घरी जावंसं वाटतं.

खरं सांगायचं तर गाडी वाईट होती.
मे महिन्यात रेक्झिनला मांड्या चिकटायच्या,
उठताना कातडी सोलून द्यावी लागे.
एसीचा फक्त आवाज गार.
दुसरा गिअर पडायचा तो बाबांनी शिवी दिल्यावरच.
कय्यूम मिस्तरी बोनेटखालून म्हणायचा,
"सेठ, ये गाडी नहीं, रिश्तेदारी है."
आणि बिल मात्र परक्यासारखं लावायचा.

थंडीत ती सुरू व्हायची नाही.
बाबा स्टेअरिंगवर,
आई मागून ढकलायची, पदर खोचून,
तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही.
इंजिनानं खाकरून धूर सोडला
की गाडी तशीच पुढे पळायची, थांबली तर पुन्हा बंद पडेल म्हणून,
आणि आई चपला हातात घेऊन तिच्यामागं.
एकदा ती म्हणाली, मले शिकवा ना चालवाले.
बाबा म्हणाले, तुले नाही जमणार,
लई जड हाय.
किती जड, ते तिला ठाऊक होतं.

पण सालबर्डीच्या यात्रेहून परतताना
दोन्ही दिवे गेले ती रात्र.
बाबांनी गाडी पळसाखाली घेतली, म्हणाले, आता उजाडल्यावरच.
मृगाची उरलेली संत्री होती पोत्यात.
ते अंधारात सोलत राहिले,
एकेक फोड धरलेला हात मागे यायचा,
जे तोंड पुढे येईल त्यात रिकामा व्हायचा.
चार तोंडं होती, त्यांनी नाव विचारलं नाही.
पाचव्यांदा आईनं खाल्ली, मी ऐकलं,
बी थुंकल्याचा आवाज.
त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

मग वाटण्या झाल्या.
बागा मोजल्या, विहिरीचे दिवस वाटले,
काका हसत म्हणाले, आन इस्टेट कोनाले?
कोणालाच नको होती.

परवा आम्ही कय्यूमच्या आवारात गेलो.
चाकं अर्धी मातीत, काचा सगळ्याच उतरलेल्या, एकदाच्या.
ड्रायव्हरच्या सीटवर
खुडूक कोंबडी, पिसं फुगवून,
आमच्याकडे एका डोळ्यानं बघत.

आई वाकून पाहत राहिली.
"बसली बापा एकदाची कोनी बाई तिथं."
बाबा बोनेटवरून हात फिरवत होते.
त्यांनी ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असावं.
कय्यूम म्हणाला, भंगारवाला उद्या येतो, वैनी.

आईनं कोंबडीखाली हात घालून अंडी चाचपली.
"एकवीस दिवस
थांब म्हनावं त्याले."